तिघांना सांगितलेली तीन गोदामं

माझं गोदाम विकलं गेलं, हे आमच्या गल्लीत सगळ्यात शेवटी मला कळलं. माझं म्हणते ते सवयीने. होतं भाड्याचंच, जालना स्टेशनच्या अलीकडे, दगडी भिंतींचं आणि वर पत्र्याचं. पण डोक्यावर पोती वाहून ज्या धंद्याला मी सुरुवात केली, तो त्याच भिंतींच्या आत वाढला. मी बारदानावाली आहे. तेलगिरण्या, दालमिल आणि आडत दुकानांतून रिकामी झालेली पोती विकत घ्यायची, झटकायची, फाटकी निवडून शिवून घ्यायची आणि गठ्ठे बांधून बियाण्याच्या कारखान्यांना, व्यापाऱ्यांना विकायची. या धंद्याला भाव करायला जीभ लागते आणि माल ठेवायला कोरडी जागा लागते. जीभ माझी मी कमावली. जागा दुसऱ्याची होती.

एका सकाळी दोन माणसं टेप घेऊन आली आणि माझ्या गठ्ठ्यांवर चढून भिंत मोजायला लागली. हटकलं तर म्हणाली, नव्या मालकाने पाठवलंय. नवा मालक कोण, तर शेजारचा मिरचीचा व्यापारी. त्याच्या आणि माझ्या गोदामात एकच भिंत. मी त्याला भाईजी म्हणते, तो मला बाई म्हणतो, आणि दर राखीला मी त्याच्या घरी जात आले. शेवटच्या राखीला त्याने मला चांगली साडी दिली, तेव्हा त्याची जागेची बोलणी चालू होती, हे मी मागाहून जुळवून पाहिलं.

मी तशीच त्याच्या गादीवर गेले. तो उठूनही उभा राहिला नाही. म्हणाला, "बाई, सांगणारच होतो. पण तुमचा राग आपल्याला माहीत. मंग म्हटलं, आधी कागद होऊ द्या." वर असंही म्हणाला की घाई नाही, पाऊस लागेपर्यंत जागा खाली केली तरी चालेल. ही त्याची मेहेरबानी. तागाचं पोतं एकदा ओलं झालं की आतून काळे ठिपके धरतं आणि मग त्याला कुणी हात लावत नाही, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. माझं सगळं भांडवल त्या गठ्ठ्यांत होतं. पावसाआधी कोरडी जागा मिळाली नाही, तर धंदा संपला.

त्याने जागा घेतली याचं मला दुःख नाही. पैसे असते तर मीही घेतली असती. मनात राहिलं ते वेगळंच. सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या चहावाल्याला, हमालांना, सुतळीच्या दुकानदाराला, माझ्या नात्यातल्या आडत्यालासुद्धा. रोज ताई, ताई करणारी ही माणसं. माझ्याकडे कुणाचा पैसा कधी बुडालेला नाही, कुणाच्या अडचणीला मी पाठ दाखवलेली नाही. तरी एकानेही हळूच येऊन कानात सांगितलं नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आणि मला त्याचं कारण सापडलं. सगळे एका गल्लीतले होते. उद्या त्यांना भाईजीच्या दारात जायचं होतं. माझ्या ओळखी भरपूर होत्या, पण सगळ्यांचं पोट एकाच ठिकाणी अडकलेलं होतं, म्हणून सगळे एकदमच गप्प बसले.

माझा जावई एका सीएच्या ऑफिसात काम करतो. तो म्हणाला, "आई, तुमचं नेटवर्क चुकलंय." आणि त्याने मला बायपासवरच्या एका हॉटेलात नेलं. तिथे सकाळी नाश्त्याला निरनिराळ्या धंद्यांची माणसं जमतात. एकेकाने उभं राहायचं, आपला धंदा सांगायचा, कसली मदत हवी ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. इडली चांगली होती. पैसे कोण देतंय हे मात्र कुणी सांगेना, म्हणून मी दुसरी घेतली नाही. कोट घातलेला एक पोरगा पुढे उभा होता. तो म्हणाला, इथे आपण सगळे एक कुटुंब आहोत. मी पर्स मांडीवर घेतली.

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगितलं की मला पावसाआधी कोरडं गोदाम पाहिजे, भाडं वेळेवर देईन, भाव मात्र करीन. लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठी टाळी मागून आली. वळून पाहिलं तर भाईजी. तो आधीपासूनच त्या कुटुंबात होता.

जाताना माझ्या हातात कार्डांची गड्डी पडली. पुढे फोन आला तो एका विमावाल्याचा. त्याला गोदामाचा विमा उतरवायचा होता. मी म्हटलं, आधी गोदाम आण.

पण कोटवाल्या पोराचं एक बोलणं मी उचललं. तो म्हणाला होता की तुमची माणसं एकाच धंद्यातली, एकाच मोहल्ल्यातली नकोत. फी न भरता मिळालेली ही एवढीच गोष्ट, आणि ती मला पटली. म्हणून गल्लीच्या बाहेरची माणसं मी मनात मांडून पाहिली. कामापुरते संबंध पुष्कळ होते. त्यातून तिघं उरली.

पहिले चाचा. माझी फाटकी पोती त्यांच्याकडे शिवायला जातात. घरात उर्दू बोलतात, सुना आणि मुली अंगणात बसून दाभणाने पोती शिवतात, आणि चाचा दाराशी बसून शिवण तपासतात. दुसरी बदनापूरची एक मुलगी. बियाणे साफ करणाऱ्या कारखान्यात ती स्टोअर सांभाळते. राजस्थानातून आलेल्या जैन कुटुंबातली, पण तिच्या आजोबांपासून सगळे बदनापूरचेच. ती मला मावशी म्हणते आणि माझं खराब पोतं मावशी म्हणतच परत करते. तिसरा शहागडचा ट्रकवाला. गोदावरीच्या पलीकडून माझा माल आणतो, मोजकं बोलतो, मला आक्का म्हणतो. तिघं तीन दिशांची. एकमेकांना ओळखत नव्हती. भाईजीशी कुणाचंच काही अडलेलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

आता एवढ्यावर मी कुणावर विश्वास ठेवणार नव्हते. राखी बांधलेल्याने जे केलं ते पाहिल्यावर नुसत्या मावशी आणि आक्कावर मी जाणार नव्हते. म्हणून मी एक युक्ती केली. जागा खरोखर कुठे पाहते आहे हे तिघांनाही सांगितलं नाही. चाचांना सांगितलं की हसनाबादला बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं एक शेड आहे, ते मी घेते आहे. बदनापूरच्या मुलीला सांगितलं की तुमच्याच गावातली बंद दालमिल घेते आहे. ट्रकवाल्याला सांगितलं की शहागडला हायवेच्या धाब्यामागे पत्र्याचं शेड आहे, ते जवळजवळ ठरलंय. तिन्ही जागा खऱ्या होत्या, येताजाता पाहिलेल्या. मी त्या घेते आहे, हे तेवढं खोटं. प्रत्येकाला बजावलं की कुणाजवळ बोलू नका. माझा हिशेब साधा होता. भाईजीच्या तोंडून ज्या गावाचं नाव निघेल, ते गाव ज्याला सांगितलं तो माणूस फुटला.

चार दिवस कुठून काही हलेना. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इतकी शांतता मला मानवत नाही.

मग एका दुपारी भाईजी भिंतीपलीकडून माझ्या दारात आला. हात मागे बांधून गठ्ठ्यांकडे पाहत म्हणाला, "बाई, गोदामांची दलाली चालू केली का? हसनाबाद, बदनापूर, शहागड. तीन-तीन जागा घेऊन राह्यल्या म्हणे."

माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की एक नाही, तिन्ही नावं आली. तिघंही फुटली. युक्तीत मी एका फितुराची सोय केली होती, तिघांची केली नव्हती. भाईजी गेल्या गेल्या मी ट्रकवाल्याला फोन लावला. तो हायवेवर होता, मागे हॉर्न ऐकू येत होते. मी त्याला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी खबर विकून किती मिळाले, इथवर मी गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "आक्का, मी स्टेरिंगवर हाय. खाली ठेवतो." आणि फोन बंद केला.

चाचांना फोन लावणार तेवढ्यात चाचाच दारात. गोणी टाकून बसले, पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि हसनाबादची खबर बाजारात कशी आली ते विचारलं. माझा आवाज त्यांना कळला असणार, पण ते आपल्याच खुशीत होते.

इथे आमच्या बाजारातली एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे भाव जमेपर्यंत समोरच्याचा चहा पीत नाहीत. कप पुढे आला तरी हात लावत नाहीत. चहा प्यायला म्हणजे सौदा ठरला. मग त्यावर कागद असो नसो, फिरणाऱ्याचं नाव जातं. दुसऱ्याच्या वतीने बसलेल्या माणसाने चहा घेतला तर जबाबदारी त्याची. मी स्वतः कित्येकदा थंडगार झालेल्या कपासमोर दुपार काढली आहे.

चाचा म्हणाले, "बाई, हसनाबादला माझी बहीण दिलेली हाय. तुम्ही शेडचं नाव घेतलं, मी जाऊन बसलो. मालक जादा बोलत होता. म्हटलं, बाई जबान की पक्की हाय, बराबर बोल. उतरवलं त्याला. मंग च्या पिऊन आलो."

मी खाली बसले. चाचांनी माझ्यासाठी चहा प्यायला होता.

त्यांना वाटलं मला आनंद झाला. मग तेच विचारू लागले की भाडं अजून जास्त वाटतंय का, पुन्हा जाऊ का. मी म्हटलं, थांबा. आणि तशीच उठून बदनापूरची गाडी पकडली.

ती मुलगी कारखान्याच्या दारात भेटली, कारखाना सुटायच्या वेळी. मी काही विचारायच्या आत तिने सांगितलं की दालमिलच्या मालकीणबाईंशी बोलणं झालं, त्या तिच्या आजीच्या ओळखीच्या, आणि जागा झाडून ठेवली आहे. मी विचारलं, तू चहा घेतलास का. ती हसली. म्हणाली, "मावशी, सकाळीच. मग न घेऊन कसं जमेल?"

मग मी भाईजीचं विचारलं. ती म्हणाली, त्यात काय, मालकीणबाईंनी तिच्या देखत जालन्याला फोन लावला होता. जागा द्यायची तर भाडेकरू कसा आहे ते त्याच्या शेजाऱ्याला विचारतात. तुमच्या शेजारी कोण, तर मिरचीवाले. फोन मोठ्या आवाजावर होता. भाईजी म्हणाला होता की बाई भाड्याला चोख आहे, तोंडाची तिखट आहे, जागा बिलकुल द्या.

माझ्या डोक्यात मग सगळं आपोआप लागलं. हसनाबादच्या मालकानेही त्यालाच विचारलं असणार. शहागडच्या धाबेवाल्यानेही. तिघांपैकी कुणी खबर विकली नव्हती. तिघं माझ्या नावाने जाऊन बसली होती, आणि जागेच्या मालकांनी बाजाराच्या रिवाजाप्रमाणे चौकशी केली होती. माझ्या युक्तीत सगळं होतं. माझं काम कुणी न सांगता करील, ही शक्यता मात्र मी धरली नव्हती. आजही मी म्हणते की पारखून घेणं गैर नव्हतं. ज्याची एकदा फसवणूक झाली आहे त्याने पारखूनच घ्यावं. फक्त पारखताना समोरचा काय करील याचे सगळे रस्ते मांडून पाहायला हवे होते, आणि एक रस्ता माझ्या ध्यानातच आला नाही.

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी तिला म्हटलं, भाईजी चांगलं का बोलला असेल माहीत आहे का, मी लवकर निघावं म्हणून. तिने खांदे उडवले. "असेल. पण चांगलंच बोलले ना."

यावर माझं अजूनही समाधान नाही. चांगलं बोलण्यात त्याचा फायदा होता, हे मी सोडणार नाही.

मला हवं होतं एक गोदाम आणि माझ्या नावावर तीन ठरली होती. दोन ठिकाणी शब्द मोडायचा होता, आणि शब्द माझा नव्हता, दुसऱ्यांनी त्यांच्या सोयऱ्यांत, त्यांच्या गावात दिलेला होता. बदनापूरची जागा सगळ्यात कोरडी आणि गिऱ्हाइकाजवळ, म्हणून ती ठेवायची ठरवली आणि त्या मुलीला माझी युक्ती सांगून टाकली. चाचांनाही खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ दाभणाचं टोक बोटावर फिरवत राहिले. मग म्हणाले, "मुझे भी?" एवढंच. दुसऱ्या दिवशी ते हसनाबादला जाऊन आले. बहिणीच्या सासरी काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी शिवणीचा भाव वाढवून सांगितला. मी भांडले, त्यांनी थोडा उतरवला. भांडताना ते हसले, म्हणून मी समजले की तेवढं मिटलं.

शहागडला मी स्वतः गेले. धाब्यामागचं शेड मोकळं केलेलं होतं. आत जुने टायर होते ते बाहेर काढून उन्हात रचले होते. ट्रकवाला बाजेवर बसला होता. माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी फोनवर बोलले ते मागे घेतलं. मला माफी मागायची सवय नाही, तरी मागितली. युक्ती काय होती तेही सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. धाबेवाला गल्ल्यावरून आमच्याकडे पाहत होता. त्या दोघांत सकाळीच बोलणं होऊन गेल्याचं त्याच्या नजरेवरून कळत होतं.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "आक्का, तुमचे गठ्ठे मी आणीन. भाडं जागेवर घेईन. पण इथून पुढं मला काई सांगू नका. खोटं तर न्हाईच. खरं बी नको."

मी म्हटलं, ट्रकला एवढा राग बरा नाही, रस्ता चुकेल. माझ्या या विनोदाला कुणी हसलं नाही. तो उठला, माझ्या गाडीपर्यंत आला, दार लावून दिलं. आता तो ट्रक आणतो, माल उतरवतो, पैसे घेतो, जातो. बीडकडे कोणता भाव चालू आहे, कोणती गिरणी माल काढणार आहे, हे तो आधी माल उतरवता उतरवता सांगायचा. ते बंद झालं. धंद्यात माझं सगळ्यात मोठं नुकसान हेच झालं आणि ते कुठे मांडता येत नाही.

गठ्ठे हलवायला ढग दिसायच्या आधी सुरुवात केली. चाचांची मुलं आली, बदनापूरच्या कारखान्यातले दोन हमाल आले. आमच्या गल्लीतून चहावाला तेवढा आला आणि आपलं काही चुकलं का असं विचारू लागला. मी त्याला म्हटलं, तुझा चहा नेहमीच पातळ होता, तेवढंच चुकलं. भाईजी शेवटच्या ट्रकच्या वेळी बाहेर आला. राखीला येणार ना, म्हणाला. मी ताडपत्रीची दोरी ओढत होते, ओढत राहिले.

बदनापूरला पहिला ट्रक पोचला तेव्हा ती मुलगी दालमिलच्या दाराशी उभी होती. कुलूप नवं होतं. तिने एक किल्ली माझ्या हातात दिली आणि दुसरी आपल्या पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, माझ्या गोदामाच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे राहतात, आजवर तसंच आहे. ती म्हणाली, "मावशी, मालकीणबाईंना शब्द मी दिलाय. तुम्ही मला पण खोटं सांगितलं होतं ना? मग एक माझ्याकडे राहील."

मी घासाघीस केली. महिनाभर राहू दे म्हटलं, पावसाळाभर म्हटलं, दिवाळीपर्यंत म्हटलं. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. हमाल पहिला गठ्ठा खांद्यावर घेऊन दारात खोळंबले होते आणि पश्चिमेकडून वारा सुटला होता. मी त्यांना आत जा म्हटलं. किल्ली तिच्याकडेच आहे. रोज सकाळी मी आधी कुलूप पाहते, मग गठ्ठे मोजते. आजवर एकही कमी भरला नाही.